दुपारी मान टाकणारं झाड

लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून मी सांगलीला परत निघाले, तेव्हा वडिलांनी माझ्याबरोबर दोन पोती दिली. एकात तांबडी माती आणि दुसऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं हायड्रेंजियाचं हातभर रोप. साताऱ्याच्या मोटार-अड्ड्यावर टपावर सामान चढवणारा माणूस पोतं उचलून म्हणाला, "आवं ताई, सांगलीत माती मिळत न्हाई व्हय?" वडील हसले नाहीत. झाडांच्या बाबतीत त्यांना थट्टा खपत नसे.

ते कचेरीत कारकून होते. उन्हाळ्यात साहेबाचा मुक्काम महाबळेश्वरला हले, त्याच्याबरोबर त्यांनाही जावं लागे. तिथल्या एका बंगल्याच्या माळ्याशी त्यांची गट्टी जमली आणि त्याच्याकडून त्यांनी एक फांदी आणली. एकीच्या अकरा झाल्या. आमच्या घराच्या उत्तरेच्या अंगाला, जिथे ऊन फक्त सकाळचं येई, ती अकरा झाडं ओळीनं उभी असत आणि मे महिन्यात त्यांना कोबीच्या गड्ड्याएवढे निळे गेंद येत. आम्हा मुलांजवळ वडील कधी दोन मिनिटं बसले असतील तर शपथ, पण त्या झाडांपाशी तासभर उभे राहत. ती विद्या त्यांनी मला मात्र दिली. फूल सुकलं की लगेच छाटायचं, उशीर केला तर पुढच्या वर्षीची कळी आपल्याच हातानं कापली जाते. चुना जवळ नको. पाणी सकाळी. आणि शेवटचं, जे त्यांनी मोटार सुटता सुटता खिडकीशी येऊन पुन्हा बजावलं, "दुपारी मान टाकेल. घाबरायचं नाही. संध्याकाळी बघायचं, आपोआप उठतं."

वाचणाऱ्याने हे वाक्य लक्षात ठेवावं. मी ठेवलं होतं, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

सांगलीच्या घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, माझे यजमान आणि मी. लढाई चालू होती, रॉकेलला आणि साखरेला रांगा होत्या. दोघे भाऊ सकाळी दुकानावर जात ते दिवेलागणीला परतत. मधला सगळा दिवस आम्हा तिघी बायकांचा, आणि राज्य सासूबाईंचं.

सांगलीची माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात पायाला चिकटून घरात येते. त्यात हे झाड जगणार नाही हे मला ठाऊक होतं. मी एक अर्धं कापलेलं लाकडी पिंप मिळवलं, त्यात वडिलांची तांबडी माती भरली आणि परसात शेवग्याच्या सावलीला रोप लावलं. तरी विहिरीचं पाणी मचूळ, ते झाडाला मानवेना. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मग मी चहाचा चोथा घालू लागले, कुजलेला पाला घालू लागले, आणि पंधरा दिवसांनी एकदा आंबट ताक पाण्यात मिसळून ओतू लागले. सासूबाई म्हणत, झाडाला ताक आणि घरच्या माणसांना काय, निवळी? पण ताक बंद केलं नाही त्यांनी. त्या झाडाचा त्यांना राग होता तो निराळा. वास नाही, देवाला चालत नाही, अंबाड्यात माळता येत नाही, असल्या फुलानं जागा अडवावीच कशाला, असं त्यांचं सरळ म्हणणं. पहिल्या वर्षी दोन गेंद आले ते निळे. दुसऱ्या वर्षी आला तो धुऊन विटलेल्या जांभळ्या चोळीच्या रंगाचा. त्या म्हणाल्या, "लागलं सांगलीचं पाणी." आणि माझ्याकडे बघून गालात हसल्या.

सासूबाई वाईट होत्या असं मी लिहिणार नाही. लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मला विषमज्वर झाला तेव्हा त्या एकवीस दिवस माझ्या उशाशी बसून होत्या. पण सोवळंओवळं आणि विटाळ यांच्या बाबतीत त्यांच्या अंगात निराळंच माणूस संचारे. घरातल्या कोणत्या बाईला कोणत्या तिथीला कावळा शिवला, हे पंचांग त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. बाहेरची झालेली बाई चार दिवस मागच्या खोलीत. घोंगडी वेगळी, तांब्या वेगळा, ताटात वाढायचं ते वरून. तिनं तुळशीकडे जायचं नाही, लोणच्याच्या बरणीकडे बघायचं नाही, वाळवणावर तिची सावली पडता कामा नये. फुलत्या झाडावर पडली तर झाड मान टाकतं, असं त्या सांगत. माझी आईही तेच सांगे. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, बायकांच्या गोष्टी बायकांना माहीत.

थोरल्या जाऊबाई कवठे महांकाळच्या. तिकडे पाण्याचं दुर्भिक्ष. त्या भांडी विसळलेलं पाणीही फेकून देत नसत. माझं झाड दिवसाला दोन कळशा पितं हे बघून त्यांनी कपाळावर हात मारला होता. "आमच्याकडं या झाडाला सोयरीक मिळाली नसती बाई," असं म्हणून त्या हसल्या होत्या. पण पाणी ओढून द्यायला त्याच येत. त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकदा महिना चुकला म्हणून सासूबाईंनी आनंदानं आळीभर सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात सगळ्यांसमोर जाऊबाई मागच्या खोलीत जाऊन बसल्या. त्या फजितीचा सल सासूबाईंच्या मनातून गेला नव्हता. थोरल्या दिरांसाठी दुसरी मुलगी बघावी, असं घरात आता उघडच बोललं जाई, जाऊबाई ताटं वाढत असतानासुद्धा.

त्या वर्षी फाल्गुनात जाऊबाई बाहेर बसल्या नाहीत. चैत्रातही बसल्या नाहीत. सकाळी चुलीपाशी गेल्या की त्यांना उमळून येई. सासूबाईंनी या खेपेला तोंड घट्ट मिटून ठेवलं, पण जाऊबाईंना विहिरीवर जाऊ देणं बंद केलं आणि जात्यावर स्वतः बसू लागल्या.  जाऊबाई चालताना एक हात पोटाशी ठेवत आणि कुणी बघितलं की काढून घेत.

त्याच चैत्रात शेवग्यावर केसाळ सुरवंटांचा सडा पडला. अंगाला लागले की गांधी उठत. दिरांनी माणूस बोलावून सबंध झाड पाडून टाकलं. मी बरंच सांगितलं की माझ्या पिंपावर ऊन येईल. ते म्हणाले, येऊ दे की, झाडांना ऊन लागतंच.

शेवगा गेला आणि मी बाहेरची झाले. माझ्या चार दिवसांत झाडाला पाणी घालायला कुणी नव्हतं. जाऊबाईंनी कळशी उचलायची नाही, आणि सासूबाई त्या बिनवासाच्या फुलाला हात लावणार नाहीत. मी मागच्या खोलीच्या दारातून चार दिवस ते करपताना बघितलं. त्या वर्षी झाडाला सात कळ्या धरल्या होत्या. दोन काळ्या पडल्या. पाचव्या दिवशी न्हाऊन आले ती आधी पिंपाशी गेले, देवाला नमस्कार नंतर केला.

आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. बारा दिवसही झाले नसतील, मला पुन्हा कावळा शिवला. त्या ज्वरापासून माझं तंत्र बिघडलेलंच होतं, पण इतकं नव्हे. पहाटे ते लक्षात आलं. घरात कुरडयांचा चीक शिजत होता. बाहेर बसायचं म्हणजे आणखी चार दिवस, वैशाखाच्या तोंडावर, आणि त्या पाच कळ्या. मी कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ती गोष्ट लपवली. फडकी धुऊन पिंपाच्या मागे, झाडाच्या रुंद पानांच्या आडोशाला वाळत घातली.  माझाही त्या सगळ्यावर विश्वास होता, हे सांगितलं पाहिजे. नव्हता असं आज म्हणणं म्हणजे शहाणपणाचा आव आणणं.

सासूबाई परसात बाजेवर कुरडया घालून, कावळे हाकायला काठी घेऊन बसल्या होत्या. शेवगा पाडल्यापासून भर दुपारी त्या परसात पहिल्यांदाच बसत होत्या. जाऊबाई दाराशी डाळ निवडत होत्या. भर दुपारी सासूबाईंनी मान वर केली आणि त्यांना झाड दिसलं. एकूण एक पान लोंबत होतं. कळ्यांचे देठसुद्धा वाकले होते.

कुणीतरी बाहेरचं इथं वावरतंय, असं त्या म्हणाल्या. आधी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच म्हणाल्या, तू नव्हेस, तू आता पंधरवड्याखाली बसून उठलीस. आणि त्यांची नजर जाऊबाईंकडे वळली. तिथेच राहिली.

जाऊबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, मांडीवरची डाळ सगळी सांडली. सासूबाई आवाज न चढवता बोलत होत्या. दोन वर्षांपूर्वी एकदा तोंडघशी पाडलंस. आता सवत येऊ नये म्हणून ओकाऱ्यांचं सोंग करतेस आणि विटाळ घेऊन घरभर फिरतेस. माझ्या वाळवणावर, देवाच्या घरात. जाऊबाई म्हणत राहिल्या, देवाशपथ नाही, आई, देवाशपथ नाही.

तेवढ्यात दूध घालणारी बाई चरवी घेऊन मागच्या दारानं आली. तिला काय चाललंय ते एका नजरेत समजलं. ती म्हणाली, "आवं आई, त्ये ऊन लागलंय झाडाला. शेवगा पाडलासा न्हवं तुमी. सांजच्याला बघा की, उठतंय का न्हाई." सासूबाईंनी तिला दूध मापून द्यायला सांगितलं. ती गेल्यावर मात्र त्या माझ्याकडे वळल्या. त्या न्यायी होत्या, विचारल्याशिवाय निकाल देणाऱ्या नव्हत्या.

"काय गं, झाड तुझ्या वडिलांचं. असं होतं का ते?"

पाच पावलांवर पिंप होतं. पिंपामागे माझी ओली फडकी होती. उन्हानं होतं असं मी म्हटलं असतं तर त्या उठून बघायला गेल्या असत्या. विटाळानं झालं असेल तर त्या सोवळ्यात त्याच्या आसपास फिरकणार नव्हत्या. इतका सगळा विचार मी तेवढ्या वेळात केला, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पण केला.

"इथं तर कधी झालं नाही," मी म्हणाले.

ते खोटंही नव्हतं. शेवग्याच्या सावलीत सांगलीला ते कधी झालंच नव्हतं. साताऱ्याला मात्र, ज्या वर्षी शेजाऱ्यांनी त्यांचा आंबा तोडला, त्या सबंध मे महिन्यात रोज दुपारी मी ते बघितलं होतं.

जाऊबाईंना त्याच पावली मागच्या खोलीत बसवलं. संध्याकाळी ऊन उतरलं आणि वडील म्हणाले होते तसं झाड उठलं. सासूबाईंनी ते मला बोट दाखवून दाखवलं. ती आत गेली आणि झाड उठलं, बघ, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता. नातवाची आस त्यांनाही होतीच, आणि ती त्या दिवशी दुसऱ्यांदा गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते सांगते. बाराच्या आत मी माझं नऊवारी लुगडं भिजवून, पिळून, पिंपाच्या पश्चिमेला दोरीवर टाकलं, दुहेरी. झाडावर सावली पडली. झाडानं मान टाकली नाही. तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. वाळत घातलेल्या लुगड्याकडे कोण बघतं? सासूबाईंना एवढंच दिसलं की थोरली बाहेर बसल्यापासून झाड ताठ आहे. मी ते कळ्यांसाठी करते, असं मी स्वतःला सांगत होते. कळ्या वाचल्या हे खरं.

त्या चार दिवसांत जाऊबाईंना ताट मीच वाढत होते, वरून. खऱ्या विटाळशीनं ठरवलेल्या विटाळशीला. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "धाकटे, तू सांग ना आईंना. त्या झाडाचं तुझं ऐकतील." मी म्हणाले, बघते. नंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ताट घेताना माझ्याकडे बघत मात्र राहत.

पाचव्या दिवशी त्यांना थंड पाण्यानं डोक्यावरून न्हाऊ घातलं आणि घरात घेतलं. आता लाड संपले होते. विहीर परत त्यांच्याकडे आली, जातं परत त्यांच्याकडे आलं. दिवस असतील तर दिसतीलच, असं सासूबाई म्हणाल्या. वैशाखात विहिरीचं पाणी खोल जातं. घागर वर यायला किती वेळ लागतो ते ज्यानं रहाट ओढलाय त्याला कळेल. मी हात लावायला गेले की जाऊबाई म्हणत, राहू दे, ओढते मी.

तीन आठवड्यांनी सकाळी, भरलेली घागर काठावर टेकवता टेकवता त्या खाली बसल्या. दगडावर रक्त आलं. सुईणीनं येऊन सांगितलं, तीन महिन्यांचं होतं.

सासूबाईंनी देवघरात जाऊन दार लोटून घेतलं. दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, देवाची मर्जी. झाडाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. त्या आठवड्यात पाचही गेंद फुलले. शेजारच्या बायका बघायला आल्या, एवढी फुलं आणि अशा घरात, असं एकमेकींत कुजबुजून गेल्या. मला ते उपटून फेकावंसं वाटत होतं, आणि मी रोज सकाळी त्याला पाणी घालत होते.

जाऊबाई महिनाभर माहेरी राहून आल्या. त्यांना पुन्हा दिवस गेले नाहीत. पुढच्या वर्षी दिरांचं दुसरं लग्न झालं, रहिमतपूरची मुलगी आली, तिला दोन मुलं झाली. जाऊबाईंनीच ती न्हाऊमाखू घातली.

दुसऱ्या लग्नाच्या तयारीत आम्ही दोघी परसात तांदूळ पाखडत बसलो होतो. उन्हं कलली होती आणि झाड नुकतं मान वर करत होतं. लुगड्याची सावली मी आता करत नसे. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, जाऊबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या, फडक्यांचं ना.

मी वळून पिंपाकडे बघितलं.

मागच्या खोलीच्या दारातून पिंपाची मागची बाजू समोर दिसते, हे मला माहीत असायला हवं होतं. मीही तिथे कमी दिवस बसले नव्हते. त्यांनी फडकी पहिल्याच संध्याकाळी बघितली होती. दुसऱ्या दिवसापासून लुगडंही बघितलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "एक हाक मारली असतीत तर सुटला असतात."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तू बोलशील म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. "चार दिवस थांबले. मग म्हटलं, जाऊ दे, हिला भीती वाटतेय, पोटात आहे ते काही लपून राहणार नाही."

त्यांनी सूप परत उचललं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. मीही त्यांच्या पायावर पडले नाही, तेवढीही हिंमत झाली नाही. झाड पुढं बरीच वर्षं त्या परसात होतं. माझ्या प्रत्येक चार दिवसांत मी मागच्या खोलीत बसलेली असे आणि जाऊबाई सकाळी दोन कळशा ओढून त्याला पाणी घालत. मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी चुकवलं नाही.